काच लाव ना रे

आमच्या आईचं गाडीत बसल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. 'काच लाव ना रे.' उन्हाळ्यात झळा लागतात म्हणून, पावसाळ्यात शिंतोडे येतात म्हणून, हिवाळ्यात गार वारं कानात शिरतं म्हणून. कारण ऋतूप्रमाणे बदलतं, हुकूम तोच. कानाला स्कार्फ, त्यावर शाल, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा आणि दार नीट लागायच्या आत 'काच लाव'. हा हुकूम मोडायची हिंमत घरात एकट्या बाबांची. तीही मागच्या सीटवरून, गुपचूप. माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या काचांना अजून हातानं फिरवायचं हँडल आहे, आणि ते हँडल आवाज न करता फिरवायची कला बाबांना साधलेली आहे.

नंदनवन हे इंद्राच्या बागेचं नाव. आमच्या पूर्व नागपुरातल्या नंदनवनात त्या बागेतलं फारसं काही उतरलेलं नाही. सिमेंटचे रस्ते, एकाला एक लागून घरं, केडीके कॉलेजची पोरं, जगनाडे चौकातली गर्दी. आमच्या गल्लीत मोठं म्हणावं असं झाड एकच, समोरच्या काकांच्या दारातला कडुनिंब. हिवाळ्यात त्या झाडाचा मला हेवा वाटतो. डिसेंबरच्या सकाळी माझी गाडी दहिवरानं न्हालेली असते. टपावरून ओघळ, काचांवर पांढरा थर. समोर कडुनिंबाखाली काकांची गाडी मात्र जवळजवळ कोरडी. 'आमची गाडी रात्री घरी असते,' असं काका म्हणतात, जणू माझी कुठं उंडारायला जाते. खरी गोष्ट अशी की निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली ऊब आभाळाकडं सोडत राहते. गाडीचा पत्रा आणि काच भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतात आणि त्यांना टेकलेल्या हवेतलं पाणी तिथंच सुटतं. झाडाखालच्या गाडीच्या डोक्यावर पानांचं छत असतं, आणि पानं आभाळाइतकी गार नसतात. म्हणजे पहाटे मी किल्ली फिरवतो तेव्हा माझ्या काचा आधीच गारठलेल्या असतात. पुढचं काम आम्ही आत बसून करतो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात भिवापूरला आतेभावाच्या मुलीचं साक्षगंध होतं. पहाटे साडेपाचला निघालो. पुढं मी आणि आई. मागं बाबा, बायको, बहीण आणि बहिणीच्या मांडीवर आमची नऊ वर्षांची कन्या. गाडी पाचांची, माणसं सहा, त्यातल्या दोघी नुकत्याच डोक्यावरून न्हालेल्या. थर्मासमध्ये चहा. पायाखाली आदल्या दिवशी गाडी धुतल्यानं ओल्या राहिलेल्या चटया. बाहेर चांगलं धुकं. काचा अर्थात बंद.

दिघोरीपर्यंत ठीक होतं. उमरेड रोडला लागलो आणि आधी मागची काच गेली. मग बाजूच्या दोन. समोरच्या काचेचे खालचे कोपरे पांढरे झाले आणि दुधावर साय धरावी तसं ते पांढरेपण वर चढत आलं. मी तळहातानं पुसलं. तळहातानं पुसलेली काच न पुसल्यापेक्षा वाईट दिसते हे मला तेव्हा कळलं. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा तिच्यावर फुटून पंख्यासारखा पसरला. बायकोनं मागून रुमाल दिला. डाव्या हातानं पुसत, उजव्या हातानं स्टिअरिंग धरत, काचेत बशीएवढी जागा करून त्यातून मी रस्ता बघत होतो. बशीतून रस्ता बघणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

पाचगावच्या अलीकडं त्या बशीत अचानक धानाच्या पेंढ्या आल्या. ट्रॅक्टरची ट्रॉली, मागं दिवा नाही, पेंढ्या दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर. ब्रेक लागला. थर्मास पुढं आला, आईची पिशवी खाली गेली, आणि आमच्या बॉनेटमध्ये आणि पेंढ्यांमध्ये हातभर अंतर उरलं. कोणी काही बोललं नाही. मग मागून हँडल फिरल्याचा आवाज आला. या वेळी बाबांनी तो लपवला नाही.

'काच लाव ना हो, वारं घुसून राह्यलं,' आई सवयीनं म्हणाली.

'राहू दे,' बाबा म्हणाले. 'गाडीत माणसं बसली म्हणजे पाणीच बसलं ना. त्याले जायले जागा नको का?'

चार बोटं काच त्यांनी त्यांच्या बाजूची खाली केली, मला माझ्या बाजूची करायला लावली. गारठा असा आला की कन्या शालीत शिरली. पण मिनिट-दोन मिनिटांत समोरची काच वरून खाली मोकळी होत आली, आणि ट्रॉली, पेंढ्या, ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्याचा रुमाल, सगळं स्वच्छ दिसायला लागलं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. 'आमच्या काचांवर कधी वाफ नाही धरली,' असं ते अभिमानानं सांगतात. त्यात त्यांचा काही पराक्रम नव्हता. त्या लाल डब्याच्या काचा कधी धड लागायच्याच नाहीत. पत्र्याच्या फटींतून, खडखडणाऱ्या खिडक्यांतून, दाराखालून वारा येत राहायचा आणि पन्नास माणसांचा श्वास घेऊन जात राहायचा. बाजूला तापलेलं इंजिन असायचं ते वेगळंच. पावसात मात्र बाहेरून पाणी काचेवर थेंब धरायचं, वायपर दमलेला असायचा, तेव्हा तंबाखूची पुडी ओली करून काचेवर फिरवायची. थेंब मोडतात, पाण्याचा पातळ पडदा होतो आणि त्यातून दिसतं. साबण, शेव्हिंगचा फेस, बटाट्याची फोड, ही त्याच जातीची औषधं. काचेवर जमणारं पाणी ती थांबवत नाहीत, पण त्याला गोल थेंब होऊ देत नाहीत, सपाट पसरवतात. प्रकाश विखरतो तो त्या हजारो बारक्या थेंबांवर. सपाट पाण्यातून तो सरळ निघून जातो. आत शेव्हिंग फेसाचं बोट फिरवून कोरड्या फडक्यानं पुसून काढलं तर दोन-चार दिवस बरं चालतं, हे मी करून पाहिलेलं आहे. रात्री समोरून दिवा आला की चट्टे दिसतात, हेही पाहिलेलं आहे.

आता लाजेची गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या पुस्तकात दवबिंदू आहे, सापेक्ष आर्द्रता आहे. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिच्यावर थेंब का जमतात, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. मुलं लिहून घेतात. मीही इतकी वर्षं नुसतं लिहूनच देत होतो बहुधा. त्या पहाटे बाटलीच्या आत मी बसलो होतो, आणि हातात रुमाल होता.

साक्षगंधात गुरुजींचं चाललं होतं तेव्हा मी आहेराच्या पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. 20 अंशांच्या हवेत घनमीटरमागं जास्तीत जास्त 17 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. 10 अंशांवर 9 च्या जरा वर. लहान गाडीतली हवा धरा 3 घनमीटर. म्हणजे 10 अंशांच्या काचेला लागून सगळी हवा तशीच गार झाली तर गाडीभर मिळून 28 ग्रॅमच्या वर पाणी राहूच शकत नाही. दोन चमचे म्हणा. आणि माणूस? स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला साधारण 30 ते 40 ग्रॅम पाणी सोडतो. सहा माणसांचा पेलाभर झाला. ओले केस, ओल्या चटया, चहाची वाफ वेगळी. दिघोरीपर्यंत काचा टिकल्या हेच नवल. पाकीट घाईघाईत तसंच दिलं गेलं. आतेभावाला आजही वाटतं की मी पाठीवर आहेराच्या रकमेची वजाबाकी करत होतो.

या हिशोबातली एक गोष्ट मला अजूनही गंमतीची वाटते. बाहेर धुकं, हवा ओलीचिंब. ती आत घेतली तर काचा आणखी धुकटतील, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. पण बाहेरची 10 अंशांची हवा कितीही भरलेली असली तरी तिच्याजवळ असणार 9 ग्रॅमच. तीच आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिच्यात आणखी 8 ग्रॅमची जागा होते. धुक्यातली हवा आत येते आणि तहानलेली होते. काचेवरचं पाणी तीच पिऊन जाते.

पुढच्या आठवड्यात गाडी मेकॅनिककडं नेली. काचांवर वाफ धरते म्हटल्यावर त्यानं बॉनेट उघडलंच नाही. आत वाकला आणि डॅशबोर्डवरच्या एका कळीवर बोट ठेवलं. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो ना, तिकडं ती कळ सरकवलेली होती.

'सर, हे कधीपासून असं आहे?'

आठवून पाहिलं. मे महिन्यापासून. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेरची 45 अंशांची हवा आत घेणं मूर्खपणाचं. आतलीच गार हवा पुन्हा पुन्हा फिरवायची म्हणून आपण ती कळ बाणाकडं सरकवतो. मग जून जातो, दिवाळी जाते, पण कळ तिथंच. आमच्या गाडीत सहा माणसं एकमेकांचा श्वास भिवापूरच्या वाटेवर पुन्हा पुन्हा फिरवत होती.

'आणि एसी लावला होता का?'

'हिवाळ्यात?'

'हिवाळ्यातच तं लागते, सर.'

मग त्यानं दाखवलं. कळ बाहेरच्या हवेकडं, झोत समोरच्या काचेवर, एसी चालू आणि गरम-गारचा नॉब लाल खुणेकडं. माझ्या गाडीचा तो नॉब आठ वर्षांत निळ्या बाजूची सीमा ओलांडून कधी गेला नव्हता, वळवताना कुरकुरला. हवा आधी एसीच्या थंड जाळीवरून जाते, तिथं तिच्यातलं पाणी सुटतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली जे थेंब टपटपतात ते हेच. मग कोरडी झालेली हवा इंजिनाच्या गरम पाण्यानं तापलेल्या दुसऱ्या जाळीवरून जाते आणि कोमट होऊन काचेवर येते. इंजिन तापायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढा धीर धरायचा. मागच्या काचेवर बारीक आडव्या रेषा असतील तर त्या शोभेच्या नाहीत, विजेच्या तारा आहेत. त्यांचं बटण वेगळं असतं. माझ्या मॉडेलात रेषा नाहीत, त्यामुळं मागच्या काचेला अजून फडकंच. आणि काच आतून पुसून ठेवायची, म्हणाला तो, धुळीवर आणि तेलकटपणावर वाफ लवकर धरते. पुसल्यावर पुन्हा चिकट थर आला आणि गाडीत गोडसर वास आला तर मात्र लगेच आणायची; मग ती माणसांची वाफ नव्हे, हीटरची जाळी गळते आहे. एवढं सगळं सांगून त्यानं पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर आवडलं असतं मला, कारण मास्तरला फुकट शिकवलेलं फार लागतं.

एसीचा जन्मच मुळी गारव्यासाठी झालेला नाही, हे मी नंतर आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. 1902 मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा, एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतली ओल आटोक्यात ठेवायला यंत्रणा उभारली. गारवा पदरात पडला तो त्याबरोबर. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, 'त्याच्याकडं पेट्रोल फुकट असेल.'

तिला शेवटी पटलं ते कॅरिअरमुळं नव्हे, कुलरमुळं. नागपूरच्या माणसाला कुलर शिकवावा लागत नाही. एप्रिल लागला की ताट्या बदलायच्या, टाकी घासायची, कुलर खिडकीत बसवायचा आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवायची. पाहुणा मुंबईहून आला की तो दार लावून घेतो, म्हणे गारवा बाहेर जातो. आणि अर्ध्या तासात चिकचिकून बाहेर येतो. कोरडी तापलेली हवा ओल्या ताटीतून येते, पाणी पिते, गार होते. पाणी पिऊन झालेल्या त्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत ओल साठते आणि कुलर नुसता पंखा होतो. जुलैत कुलर निकामी होतो तोही याचसाठी, बाहेरची हवा आधीच प्यालेली असते. हे सगळं आईला बी.एस्सी. न करता ठाऊक आहे. आयुष्यभर तिनंच आम्हाला ओरडून सांगितलंय, 'कुलर चालू आहे, दार उघड ना रे!' मी म्हटलं, 'आई, गाडीत ताट्या आपणच आहोत.' ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. हे वाक्य आपल्या मुलाचं की नवऱ्याचं, असा काहीसा तो चेहरा होता.

खरं तर आम्हा नागपूरकरांना थंडी गंभीरपणे घेताच येत नाही. उन्हाळ्याची आम्ही तयारी करतो, हिवाळ्याचं कौतुक करतो. इथं थंडी म्हणजे भरीत-रोडगे, संत्री, विधिमंडळाचं अधिवेशन आणि कपाटातून निघालेल्या स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास. 29 डिसेंबर 2018 ला इथला पारा 3.5 अंशांवर उतरला, नागपूरच्या नोंदींमधला नीचांक, तेव्हाही आम्ही तो आकडा एखाद्या बक्षिसासारखा एकमेकांना फोन करून सांगितला होता. त्या सकाळी शाळेत जाताना मी सगळ्या काचा घट्ट लावून गाडी चालवली होती, आणि चौकात थांबून थांबून काच पुसली होती.

मला एक दिलासा आहे. 5 जून 1966 ला जेमिनी 9 यानातून यूजीन सर्नन अंतराळात बाहेर पडला. दोन तासांवर बाहेर होता. धरायला नीट काही नाही, प्रत्येक हालचालीला झटापट; घाम आणि श्वास यांनी त्याच्या शिरस्त्राणाची काच आतून पूर्ण धुकटली. हात काचेबाहेर, वाफ काचेआत. शेवटी त्यानं नाकाच्या शेंड्यानं घासून बघण्यापुरतं एक भोक केलं आणि त्यातून बघत परत यानात शिरला. त्यालाही बशीच मिळाली, तीही नाकाएवढी. आणि त्याला चार बोटं काच खाली घ्यायची सोय नव्हती.

त्या दिवशी भिवापूरहून परतताना, संध्याकाळच्या गारठ्यात, कन्येनं मागच्या काचेवर बोटानं चित्र काढलं. ट्रॅक्टर, ट्रॉली, पेंढ्या. घरी पोचेपर्यंत ते विरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला शाळेत सोडायला गाडी काढली, काच पुन्हा धुकटली, आणि ट्रॅक्टर जसाच्या तसा परत आला. ती घाबरलीच. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो. जिथं तो असतो तिथं थेंब वेगळे बसतात, म्हणून पुसलेली रेघ पुन्हा उमटते. 1911 मध्ये लॉर्ड रॅले यांनी 'नेचर'मध्ये या श्वासाच्या आकृत्यांवर लिहिलं होतं. नोबेल मिळालेला माणूस काचेवर हाः करून बघत बसला होता, याचं मला फार बरं वाटतं. आमचा ट्रॅक्टर पूर्ण आठवडा रोज सकाळी येत होता. शेवटी ओल्या फडक्यानं आणि कालच्या पेपरानं काच घासली तेव्हा तो गेला.

आता आई पुढं बसत नाही. तिला मागं मधोमध बसवतो, बायको आणि बहिणीच्या मध्ये. तिथं काचेचं हँडल हाताशी येत नाही. पुढच्या खिडकीपाशी बाबा असतात. तुम्ही पहाटे लांबच्या गावाला निघणार असाल तर आदल्या रात्री चटया वाळवा, ती बाणाची कळ बाहेरच्या हवेकडं सरकवा, हीटरच्या जोडीला एसी लावा, काही मिनिटं थांबून मग निघा. एसी नसेल तर चार बोटं काच खाली. कोणी 'काच लाव' म्हणालं तर शाल द्या, काच लावू नका.